सासूबाईंचं वजन ३८ किलो, आणि घरात तूप बंद

मागच्या अंकात फुप्फुसाच्या जुन्या आजारांबद्दल मी एक छोटी चौकट लिहिली होती. 'वजन घटू देऊ नका' एवढंच तिचं म्हणणं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण तसं घर मला माझ्या बाह्यरुग्ण विभागात दर गुरुवारी भेटतं.

प्रश्न : सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. विडी-तंबाखूला कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. तीन वर्षांपूर्वी छातीच्या डॉक्टरांनी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होऊन फुप्फुसात हवा अडकण्याचा जुना आजार) सांगितलं, श्वासाचे दोन पंप चालू आहेत. उंची १५० सेंटिमीटर. वजन दोन वर्षांत ४६ वरून ३८ वर आलं. कोलेस्टेरॉल जरा जास्त निघालं म्हणून आम्ही तूप, शेंगदाणे, खोबरं बंद केलं. मऊ भात आणि बिनफोडणीचं पातळ वरण देतो. अर्धी भाकरी खाल्ली की धाप लागते आणि ताट सरकवतात. जाऊबाई म्हणतात, वजन उतरलं ते बरंच, दम कमी लागेल. खरं आहे का? (एक वाचक, कराड तालुका)

उत्तर : ताई, खरं नाही. आणि तुमचं पत्र वाचून मी पहिल्यांदा तुमच्या घरातला तुपाचा डबा फडताळातून खाली काढायला सांगणार आहे.

सासूबाईंच्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं तर आकडा येतो १६.९. साधारण १८.५ च्या खाली गेलं की आपण कुपोषण म्हणतो. सीओपीडीत तर त्याच्याही आधी सावध व्हावं लागतं. या आजारात रुग्णाचं पुढे कसं जाईल याचा अंदाज घ्यायला २००४ पासून डॉक्टर एक मोजपट्टी वापरतात. तीत फुंकून केलेली तपासणी, लागणारी धाप आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर यांच्या जोडीला चौथी गोष्ट वजनाची आहे. तिथे २१ किंवा त्याखालचा आकडा धोक्याच्या बाजूला मोजतात. सासूबाईंच्या उंचीला २१ म्हणजे ४७ किलो. त्या ४६ च्या होत्या तेव्हाच या रेघेखाली होत्या.

वजन का उतरतं, ते आधी सांगते. आपण दोघी श्वास घेतो तेव्हा त्यासाठी काही खर्च होतोय हे आपल्याला जाणवतही नाही. सासूबाईंच्या फुप्फुसात हवा अडकून राहते, छाती फुगलेलीच राहते आणि खालचा श्वासपटल हा घुमटासारखा स्नायू सपाट होतो. तो नीट खेचू शकत नाही, म्हणून मान आणि बरगड्यांमधले स्नायू दिवसरात्र राबतात. त्या खाटेवर नुसत्या बसलेल्या असल्या तरी हे काम चालूच असतं, आणि त्याला आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त ऊर्जा लागते. ती जेवणातून आली नाही, तर शरीर आधी चरबी आणि मग स्नायू मोडून खातं. मांड्यांचे स्नायू जातात तसे श्वासाचेही जातात. म्हणून बारीक झालेल्या रुग्णाची धाप वाढते. जाऊबाईंना हे वाचून दाखवा. त्या काळजीनेच बोलल्या असणार.

मला हे इतक्या ठामपणे सांगता येतं, कारण हीच चूक मी स्वतः केली आहे. माझ्या आईलाही हाच आजार होता. तीही विडीची नव्हती, फुंकणीची होती. ओल्या लाकडावर फुंकणीने फुंकर घालताना तिचं तोंड चुलीपासून हातभरसुद्धा लांब नसायचं. मी आहारशास्त्र शिकून नुकती बाहेर पडले होते. तेल-तूप कमी हा धडा तेव्हा डोक्यात घट्ट बसला होता. सुट्टीला घरी गेले आणि तेलाच्या किटलीवर नेलपॉलिशने रेघ मारली, महिन्याला याच्यावर नाही. आईने ऐकलं, ती माझं सगळं ऐकायची. पुढच्या दिवाळीला तिच्या ब्लाउजला दोन्ही बाजूंनी पिना लावलेल्या होत्या आणि बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मला वाटलं, आजार वाढला. तो वाढला होताच. पण तिला उपाशी मी ठेवलं होतं. ती किटली अजून माझ्याकडे आहे.

आता कोलेस्टेरॉल. ते थोडं वाढलेलं असणं हा विषय आहे, पण ३८ किलोंच्या बाईसाठी तो आजचा विषय नाही. हृदयाच्या डॉक्टरांनी ब्लॉकेज सांगितलं असेल तर तुपाच्या जागी शेंगदाण्याचं तेल, तीळ, कूट वापरा. स्निग्ध पदार्थाची जात बदला, माप कमी करू नका. चहाचा एक चमचा तूप म्हणजे सुमारे ४५ कॅलरी, आणि पोटात त्याला जागा किती लागते? काहीच नाही. ज्याला चार घासांत धाप लागते त्याच्यासाठी एवढ्याशा जागेत एवढी ताकद देणारं तूप-तेलाशिवाय दुसरं काही आपल्या स्वयंपाकघरात नाही.

आणखी एक गोष्ट आहे. शरीर भात-साखर जाळतं तेव्हा जितका ऑक्सिजन वापरतं तितकाच कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला तयार होतो. स्निग्ध जाळताना मात्र दहाला सातच्या प्रमाणात होतो. ज्यांच्या फुप्फुसाला तो वायू बाहेर टाकणंच जड जातं, त्यांना नुसत्या भाताच्या मोठ्या ताटापेक्षा कमी भात आणि वर तूप सोसतं. म्हणून भात सोडायचा असं मात्र नाही. तो आवडतो, मऊ असतो आणि चावायला दम लागत नाही. फक्त तो एकटा ताटात येऊ देऊ नका.

प्रथिनांचा हिशेब सरळ आहे. निरोगी माणसाला साधारण किलोमागे एक ग्रॅमच्या आत चालतं. आजारी, वयस्कर माणसाला १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. सासूबाईंसाठी दिवसाला ५० ग्रॅम धरू. दोन अंडी १२ ग्रॅम. दिवसभरात मिळून दोन कप दूध, साधारण ४०० मिली, १३ ग्रॅम. दोन वाट्या घट्ट वरण किंवा मुगाचं कढण १३. मूठभर शेंगदाण्याचं कूट ७. दोन छोट्या भाकरींचे ७. झाले ५२. माळकरी असतील आणि अंडं चालत नसेल तर दूध अर्धा कप वाढवा, पनीर किंवा घरी फाडलेलं दूध द्या आणि वरणाऐवजी एकदा घट्ट पिठलं करा. सध्या तुम्ही देता ते पातळ वरण म्हणजे बहुतेक पाणी आहे. तुमची माया त्यात आहे, पण डाळ नाही.

आता हे सगळं पोटात जायचं कसं, हा खरा प्रश्न. गिळताना प्रत्येक घासाला क्षणभर श्वास थांबतो. पोट भरलं की ते आधीच दबलेल्या श्वासपटलाला खालून रेटा देतं. म्हणून दोन वेळच्या दोन ताटांऐवजी सहा वेळा वाटीवाटीने द्या. सकाळी भूक बरी असते आणि थकवा कमी असतो, तेव्हा सगळ्यात जड खाणं द्या. आंघोळ आणि जेवण लागोपाठ नको. आंघोळीनेच त्या दमलेल्या असतात, मध्ये अर्धा-पाऊण तास पडू द्या. कफ पडायचा असेल तर तो जेवणाआधी मोकळा करून घ्यावा. पंपाची वेळ जेवणाच्या थोडी आधी आणता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

आणि त्यांना पाटावर बसवू नका. मांडी घालून ताटावर वाकलं की पोट दबतं. खुर्ची, समोर टेबल, दोन्ही कोपरं टेबलावर टेकलेली. खांद्यांना आधार मिळाला की श्वासाचे स्नायू मोकळे होतात. माझ्याकडे एक आजोबा यायचे. घरातले सगळे खाली आणि आपण वर बसायचं, त्यांना ते बरं वाटेना. शेवटी त्यांच्या सुनेने सगळ्यांचीच पानं टेबलावर घेतली.

एक दिवस कसा असावा ते लिहिते. सकाळी उठल्यावर कपभर दूध आणि त्याच्याबरोबर डिंकाचा किंवा हळिवाचा छोटा लाडू. नऊ वाजता मुगाचं धिरडं, तूप सोडून, किंवा अंड्याची पोळी. साडेअकराला केळं. एक वाजता भाकरी कुस्करून घट्ट आमटीत, वर तूप, बाजूला शेंगदाण्याची चटणी दह्यात कालवून. चार वाजता नाचणीची खीर दुधात. नाचणीत १०० ग्रॅमला ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घ्याव्या लागलेल्या रुग्णांची हाडं ठिसूळ होतात, म्हणून ती मी कुणालाच चुकवू देत नाही. सात वाजता वरण-भात-तूप, भात थोडा, वरण जास्त. झोपताना उरलेलं दूध. पाणी आणि ताक जेवणाच्या मध्ये नको, त्याने पोट भरतं. घास झाल्यावर तासाभराने प्यावं, पण दिवसभरात पुरेसं प्यावं, नाहीतर कफ घट्ट होतो. हे एका दिवसात सगळं आणू नका. फार दिवस कमी खाल्लेल्या शरीराला एकदम भरलं तर त्रास होतो. पहिल्या आठवड्यात फक्त तूप आणि कूट, दुसऱ्यात दूध, असं वाढवा.

खाल्लेल्याचा स्नायू होण्यासाठी थोडी हालचालही हवी. खुर्चीतून उठणं-बसणं, आधी पाच वेळा, मग दहा. उठताना गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून हळू श्वास सोडायचा. दर रविवारी सकाळी, पोट रिकामं असताना, एकाच काट्यावर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. महिन्याला एक किलो वाढलं तरी मला आनंद आहे. एवढं करूनही उतरतच राहिलं तर नुसत्या जेवणावर विसंबू नका, डॉक्टरांकडून साखर, थायरॉइड आणि थुंकीची तपासणी करून घ्या.

चूल आता बंद आहे असं तुम्ही लिहिलं नाहीत. पाणी तापवायला अंगणात अजून पेटत असेल, तर ती त्यांच्या खोलीच्या खिडकीखाली तरी नको. मिरचीच्या फोडणीच्या वेळीही त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा. तो खाट एकदा छातीत गेला की पुढचं जेवण गेलंच.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय ७०. दूध, दही आणि केळं यांनी कफ होतो असं लहानपणापासून ऐकत आलो. सीओपीडी झाल्यापासून तिन्ही सोडली. आता तोंडाला चवही नाही. काय करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सर, दुधाने फुप्फुसात कफ वाढतो का, हे तपासून पाहिलेलं आहे आणि तसा वाढत नाही. दूध लाळेत मिसळलं की घशाला एक दाटसर थर जाणवतो आणि तो कफासारखा वाटतो. दुधानंतर दोन घोट कोमट पाणी घ्या, तो थर जाईल. केळ्याचंही तसंच. मऊ, सोललं की तयार आणि शंभरेक कॅलरी देणारं दुसरं फळ कुठलं आहे? फ्रिजमधून काढलेलं थंडगार काही खाल्ल्यावर काहींना खोकल्याची उबळ येते, ती थंडाव्याची. दही बाहेर ठेवून खा किंवा त्याची कढी करा. एखाद्या पदार्थाने तुम्हालाच दरवेळी त्रास होत असेल तर तो सोडायला माझी हरकत नाही. पण तिन्ही एकदम सोडल्याने तुमच्या ताटातली बरीच प्रथिनं आणि जवळजवळ सगळं कॅल्शियम गेलं आहे.

चवीचं मात्र मला वेगळंच वाटतं. तुमच्या पंपात स्टेरॉइड आहे का? असेल तर प्रत्येक वेळी घेतल्यावर खळखळून चूळ भरून थुंकायची असते. तसं न केल्यास तोंडात पांढरे चट्टे येतात, जीभ जळजळते, चव जाते. आज आरशात जीभ आणि टाळू बघा. पांढरं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा, औषधाने ते जातं. तोवर लिंबू, कोथिंबीर, आल्याचा कीस यांनी घासाला चव आणा.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे, वारकरी. दमा जुना आहे. सोमवार आणि एकादशी दोन्ही धरतात, आषाढीला तर दिवसभर फक्त चहावर असतात. यंदा त्या दिवशी छातीत धडधड, हात थरथरणं आणि मळमळ झाली. थिओफिलिनची (श्वासनळ्या मोकळ्या करणारी) गोळी चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी विडी सोडली आहे. उपास सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत. (एक वाचक, पंढरपूर तालुका)

उत्तर : तुमच्या पत्रातली तीन वाक्यं मी लाल पेनाने अधोरेखित केली. चहा, थिओफिलिन आणि सोडलेली विडी.

चहा-कॉफीतलं कॅफिन आणि थिओफिलिन ही एकाच कुळातली द्रव्यं आहेत. दोन्ही हृदयाची गती वाढवतात, हात थरथरवतात. उपाशीपोटी सहा-सात कप चहा आणि वर ती गोळी, म्हणजे तुम्ही लिहिलेली सगळी लक्षणं. त्यात विडीची भर. विडीच्या धुरामुळे यकृत हे औषध लवकर संपवतं. विडी सुटली की तीच गोळी रक्तात जास्त वेळ, जास्त प्रमाणात राहते. वडिलांनी विडी सोडली, ही या वर्षातली त्यांच्या फुप्फुसासाठी सर्वांत मोठी गोष्ट आहे, त्यासाठी त्यांना माझा नमस्कार सांगा. पण ती सोडल्याचं डॉक्टरांना आजच कळवा. मात्रा बदलायची का, ते ठरवतील. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पुन्हा अशी धडधड झाली तर तसेच घरी थांबू नका.

उपासाबद्दल मी त्यांना सोडा म्हणणार नाही. ज्याने वर्षानुवर्षं एकादशी धरली त्याला ती सोड म्हणणं म्हणजे काय, हे मला घरातून माहीत आहे. पण उपास धरूनही पोटात चांगलं जाऊ शकतं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात प्रथिनं नावालाच. खिचडीत साबुदाणा कमी आणि दाण्याचं कूट दुप्पट घाला. वरईच्या तांदळाबरोबर घट्ट दाण्याची आमटी. राजगिऱ्याचा लाडू दुधात मोडून. दही, केळं, खजूर. हे सगळं उपासाला चालतं आणि दर दोन-तीन तासांनी वाटीभर देता येतं. चहा दिवसात दोन कप, तोही काही खाल्ल्यावर. आठवड्याला सोमवार आणि त्यात महिन्याच्या दोन एकादशा म्हणजे महिन्यात सहा दिवस अर्धपोटी, हेही त्यांना एकदा बोटांवर मोजून दाखवा. तब्येतीसाठी सोमवार सुटला तर चालेल का, हे घरातल्या मोठ्या माणसाकडून किंवा त्यांच्या दिंडीतल्या कुणाकडून विचारवून घ्या. माझ्यापेक्षा त्यांचं ते ऐकतील.

प्रश्न : पतींना पूर्वी टीबी झाला होता. तो बरा झाला, पण एक फुप्फुस बरंच खराब झालं. आता घरी ऑक्सिजनचं मशीन आहे. ते जेवताना नळी काढून ठेवतात. पाय सुजतात. ओळखीच्या एकाने महागडी प्रथिनांची पावडर आणायला सांगितली आहे. आमचं हातावरचं पोट आहे. घ्यावी का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : ताई, पावडर आणू नका. तो पैसा अंडी, डाळ, दूध आणि फुटाण्यांना लावा. फुटाण्यांत १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, शेंगदाण्यांत २५. चावताना दम लागत असेल तर फुटाणे दळून पीठ करा आणि दोन मोठे चमचे दुधात किंवा ताकात कालवून गुळाबरोबर द्या. तीच तुमची पावडर. उसळीने पोट फुगत असेल तर कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, मोड आणा, मऊ शिजवा, हिंग-ओवा घाला. फुगलेलं पोट त्यांच्या श्वासाला परवडणारं नाही.

जेवताना नळी काढायची नाही. त्याच वेळी शरीराला ऑक्सिजन जास्त लागतो. घासाला अडचण होत असेल तर डॉक्टरांना विचारा, पण नळी नाकातच राहू द्या. आणि तुम्हा दोघांचं स्वयंपाकघर छोटं असेल तर हे कृपा करून मनावर घ्या. ऑक्सिजन लावलेला माणूस पेटत्या गॅसपासून, स्टोव्हपासून, देवापुढच्या निरांजनापासून निदान दोन मीटर लांब हवा. ऑक्सिजनमध्ये ठिणगी भडकायला वेळ लागत नाही. नाक कोरडं पडतं म्हणून व्हॅसलीन लावत असतील तर तेही बंद, त्याऐवजी बिनतेलाचं, पाण्यात विरघळणारं मलम दुकानातून घ्या.

पाय सुजतात म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेला असू शकतो, ते डॉक्टरांनी पाहायला हवं. तोवर मीठ दिवसाला चहाच्या एका चमच्याच्या आत, सगळं मिळून. पापड, लोणचं, फरसाण, खारवलेलं सुकट घरात आणूच नका, कारण समोर असलं की हात जातो. रोज सकाळी वजन करा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी आहे, त्याच दिवशी दवाखान्यात जा. लघवी होण्याची गोळी चालू असेल तर नारळपाणी आणि केळं किती घ्यायचं हे त्या गोळीवर आणि मूत्रपिंडाच्या तपासणीवर ठरतं, म्हणून मी इथून सांगत नाही. जवळच्या सरकारी दवाखान्यात रक्ताची तपासणी करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. कागदाची प्रत मासिकाच्या पत्त्यावर पाठवलीत तर मी तुम्हाला वेगळं पत्र लिहीन.